फिजीवर स्टिरिओलॉजी: मूत्रपिंडातील गुच्छ मोजण्याचा दोन वर्षांचा अनुभव

सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या चित्रांवर काम करण्याचे फिजी हे मोफत सॉफ्टवेअर मी गेली दोन वर्षे एका ठरावीक कामासाठी वापरत आहे आणि येथे त्याचे परीक्षण त्या एकाच कामापुरते करणार आहे. कोल्हापुरातील एका वैद्यकीय महाविद्यालयात मी शरीररचनाशास्त्र शिकवते. आमच्या विभागात पांढऱ्या उंदरांच्या मूत्रपिंडातील ग्लोमेरुलसची, म्हणजे रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छांची, एकूण संख्या काढण्याचे काम चालू आहे. अवयव त्रिमित असतो आणि आपल्या हाती येतो तो सपाट छेद. या सपाट छेदांवरून मूळ अवयवातील संख्या, घनफळ, पृष्ठफळ किंवा लांबी यांचा विश्वासार्ह अंदाज काढण्याच्या शास्त्राला स्टिरिओलॉजी म्हणतात. त्यासाठी फिजी पुरेसे आहे की लाखो रुपयांचा यंत्रसंच घ्यावा, हा प्रश्न आमचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि शेजारच्या जिल्ह्यांतील सहकारी मला सतत विचारत असतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगते. मूत्रपिंडातील गुच्छांसारख्या मोठ्या घटकांच्या मोजणीसाठी फिजी पुरेसे आहे आणि ते वापरावे. मात्र आकडा खरा ठरतो की खोटा, याचा निर्णय चित्र संगणकावर येण्यापूर्वीच, सुरीखाली आणि मायक्रोटोमवर, म्हणजे ऊतीचे पातळ छेद कापणाऱ्या यंत्रावर, झालेला असतो. तेथे चूक झाली तर जगातील कोणतेही सॉफ्टवेअर, मोफत असो वा महागडे, ती दुरुस्त करू शकत नाही. हे मला पुस्तकातून माहीत होते, पण पटले ते उंदरांचा एक पूर्ण गट वाया गेल्यावर.

सपाट छेदावरची मोजणी फसवी का असते हे कोल्हापूरकराला समजावणे तुलनेने सोपे आहे, कारण येथे फाउंड्रीत काम केलेला माणूस प्रत्येक गल्लीत भेटतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव येथील कारखान्यात ओतीव लोखंडाचा नमुना घासून, चकचकीत करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की ग्राफाइटच्या गाठी काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. त्या पृष्ठभागावर मोठी गाठ कापली जाण्याची शक्यता लहान गाठीपेक्षा जास्त असते, आणि कापली गेलेली प्रत्येक गाठ मधोमधच कापलेली असते असेही नाही. त्यामुळे दिसणाऱ्या ठिपक्यांची संख्या ही गाठींची संख्या नसते आणि ठिपक्याचा व्यास हा गाठीचा व्यास नसतो. ऊतींच्या बाबतीत अगदी हेच घडते. औषध दिलेल्या उंदरांचे गुच्छ सुजून मोठे झाले, तर संख्या तीच असूनही प्रत्येक छेदात अधिक गुच्छ दिसतील आणि संशोधक ‘संख्या वाढली’ असे लिहून मोकळा होईल.

हा पेच जुना आहे. खडकाच्या सपाट पृष्ठावर एखाद्या खनिजाने जितका भाग व्यापलेला दिसतो, तितकाच भाग ते खनिज खडकाच्या घनफळात व्यापते, हे फ्रेंच भूशास्त्रज्ञ देलेस याने १८४७ मध्ये दाखवले. क्षेत्रफळाऐवजी रेषा वापरता येतात हे रोझिवाल याने १८९८ मध्ये दाखवले आणि नुसते बिंदू मोजूनही भागते हे ग्लागोलेव्ह याने १९३३ मध्ये सिद्ध केले. घनफळाचा प्रश्न असा सुटत गेला, परंतु संख्येचा प्रश्न अडून राहिला. छेदातील वर्तुळांवरून मूळ गोलांचे आकारमान कसे काढावे, हे कोडे विकसेल याने १९२५ मध्ये मांडले आणि त्यानंतर अनेक दशके त्यावर दुरुस्तीची सूत्रे निघत राहिली. या सूत्रांत घटक गोल आहे, त्याचा सरासरी व्यास ठाऊक आहे, असे काहीतरी गृहीत धरावेच लागे. १९८४ मध्ये डी. सी. स्टेरिओ या नावाने एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि ही सगळी गृहीतके अनावश्यक ठरली. हे नाव टोपणनाव असून ‘डिसेक्टर’ या इंग्रजी शब्दातील अक्षरे फिरवून ते तयार केले होते.

डिसेक्टरची कल्पना इतकी साधी आहे की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला यात शोध तो काय, असे वाटते. एकमेकांपासून थोड्या अंतरावरचे दोन समांतर छेद घ्यायचे. पहिल्या छेदात दिसणारा पण दुसऱ्यात न दिसणारा घटक तेवढा मोजायचा, दोन्हींत दिसणारा सोडून द्यायचा. प्रत्येक घटकाला, तो मोठा असो, लहान असो, वाकडातिकडा असो, एका दिशेने पाहता शेवटचे टोक एकच असते. आपण खरे तर ती टोके मोजत असतो. त्यामुळे आकाराचा आणि आकारमानाचा प्रश्नच उरत नाही. दोन छेदांतील अंतर मात्र घटकाच्या उंचीच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतके ठेवावे, म्हणजे मध्येच एखादा घटक सुरू होऊन संपून जाण्याची भीती राहत नाही.

आता फिजीकडे वळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी १९९७ मध्ये इमेजजे हे सॉफ्टवेअर लिहिले. जीवशास्त्राच्या कामाला लागणारी असंख्य जोड-साधने आधीच भरून दिलेली त्याची आवृत्ती म्हणजे फिजी. त्याला परवाना शुल्क नाही, नोंदणी नाही, आणि आमच्या विभागातील आठ जीबी स्मृतीच्या जुन्या संगणकावरही ते विनातक्रार चालते. स्लाइडच्या एका छायाचित्राचा आकार फार मोठा असेल तर संगणक दमतो हे खरे, परंतु आम्ही पूर्ण स्लाइड स्कॅन न करता क्षेत्रे एकेक करून टिपतो, त्यामुळे ती अडचण क्वचितच येते.

स्टिरिओलॉजीसाठी त्यातील सर्वांत उपयोगी साधन म्हणजे ‘ग्रिड’. अ‍ॅनालाइझ या यादीतील टूल्समध्ये ते मिळते. चित्रावर रेषांची, फुल्यांची किंवा बिंदूंची जाळी टाकता येते आणि एका बिंदूच्या वाट्याला किती क्षेत्रफळ यावे हे आपण सांगू शकतो. पहिल्या दिवशी सूक्ष्मदर्शकाच्या मोजपट्टीचे छायाचित्र घेऊन प्रमाण बसवून घ्यावे, नाहीतर हे क्षेत्रफळ पिक्सेलमध्ये राहते. जाळीची जागा प्रत्येक वेळी यादृच्छिक सरकवण्याची सोयही तेथेच आहे. ती सोय नेहमी चालू ठेवावी असा माझा आग्रह आहे. जाळी कायम एकाच कोपऱ्यापासून सुरू केली की कडेच्या भागाला नकळत कमी-जास्त न्याय मिळतो.

या जाळीने मूत्रपिंडाच्या बाह्यकाचे, म्हणजे कॉर्टेक्सचे, घनफळ काढण्याचा मार्ग कव्हालिएरी या सतराव्या शतकातील इटालियन गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. अवयवाच्या सारख्या जाडीच्या समांतर चकत्या करायच्या, प्रत्येक चकतीच्या एकाच बाजूच्या पृष्ठावर जाळी ठेवायची आणि बाह्यकावर पडलेले बिंदू मोजायचे. बिंदूंची एकूण संख्या, एका बिंदूमागचे क्षेत्रफळ आणि चकतीची जाडी यांचा गुणाकार म्हणजे घनफळ. समजा उंदराच्या मूत्रपिंडाचे घनफळ १००० घन मिलिमीटर आहे, चकत्या २ मिलिमीटर जाडीच्या आहेत आणि जाळीतील दोन बिंदूंमधले अंतरही २ मिलिमीटर आहे. एका बिंदूमागे ४ चौरस मिलिमीटर आले, म्हणजे सगळ्या चकत्यांवर मिळून केवळ १२५ बिंदू मोजावे लागतात. हे काम दहा मिनिटांचे आहे. विद्यार्थ्यांचा यावर विश्वास बसत नाही. प्रत्येक चकतीची कड माउसने काळजीपूर्वक गिरवली तर अधिक अचूक उत्तर मिळेल असे त्यांना वाटते. गिरवण्यात हात थरथरतो, वेळ जातो, आणि चकत्या-चकत्यांमधला फरक तर तसाच राहतो.

खरे सांगायचे तर या एका कामासाठी फिजीचीही गरज नाही. राजारामपुरीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानातून आम्ही पारदर्शक ओएचपी शीटवर २ मिलिमीटर अंतराच्या फुल्या छापून आणल्या. छपाईत प्रमाण बदलते का हे पाहण्यासाठी पट्टीने दहा फुल्यांमधले अंतर मोजले, आणि ती शीट सरळ फॉर्मॅलिनमधून काढलेल्या चकत्यांवर ठेवून घनफळ काढले. त्याच चकत्यांची छायाचित्रे घेऊन फिजीवर मोजले तेव्हा उत्तर इतके जवळ आले की तेव्हापासून घनफळ आम्ही शीटनेच काढतो. फिजीचा फायदा एवढाच की बिंदूंची नोंद चित्रासोबत जतन होते आणि दुसऱ्या निरीक्षकाला ती पुन्हा तपासता येते. शोधनिबंध पाठवायचा असेल तर हा फायदा लहान नाही.

संख्येचे काम मात्र शीटने होत नाही, आणि येथे फिजीची खरी परीक्षा सुरू होते. आम्ही फ्रॅक्शनेटर ही पद्धत वापरतो. ती डॅनिश संशोधक गुंडरसन यांनी १९८६ मध्ये मांडली. अवयवाचा एक ठाऊक हिस्सा यादृच्छिक पद्धतीने निवडायचा, त्यातले घटक डिसेक्टरने मोजायचे आणि हिश्शाच्या व्यस्ताने गुणायचे, एवढेच तिचे सार. तिचे मोठेपण असे की छेदाची जाडी, चित्राचे प्रमाण, छेद घेण्यासाठी पॅराफिनमध्ये, म्हणजे मेणात, बसवताना ऊती किती आकसली, यांपैकी कशाचीही माहिती गुणाकारात लागत नाही. पॅराफिनमध्ये बसवलेली ऊती बरीच आकसते आणि सगळीकडे सारखी आकसते असेही नाही. ज्यांनी घनतेवरून संख्या काढायचा प्रयत्न केला आहे त्यांना या एका गोष्टीने किती छळले असेल याची मला कल्पना आहे.

आमची पायरी-पायरीची व्यवस्था अशी आहे. मूत्रपिंड २ मिलिमीटरच्या चकत्यांत कापण्यासाठी शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून खाचांचा साचा करून घेतला. त्या कारागिरांना अवयव कशाला कापायचा हे आधी कळेना, पण खाचांतील अंतर सारखे का हवे हे त्यांना माझ्यापेक्षा लवकर समजले. साधारण आठ चकत्या मिळतात. पहिली घ्यायची की दुसरी हे चिठ्ठी काढून ठरवतो आणि तेथून एकाआड एक चकती उचलतो, म्हणजे हिस्सा झाला एक द्वितीयांश. निवडलेल्या चकत्या पॅराफिनच्या एकाच ठोकळ्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, शेजारी-शेजारी बसवतो आणि तो ब्लॉक पहिल्या स्पर्शापासून शेवटच्या तुकड्यापर्यंत ५ मायक्रोमीटरने पूर्ण कापतो. १ ते ५० मधील एक आकडा चिठ्ठीने निघतो. त्या क्रमांकाचा छेद आणि तेथून पुढे दर पन्नासावा छेद स्लाइडवर घेतो, आणि प्रत्येकाबरोबर त्याच्यापुढचा पाचवा छेद जोडीदार म्हणून घेतो. जोडीतले अंतर २५ मायक्रोमीटर, म्हणजे सुमारे १०० मायक्रोमीटर उंचीच्या गुच्छाला योग्य, आणि हिस्सा झाला पन्नासात पाच, म्हणजे एक दशांश. शेवटी छेदाच्या क्षेत्रफळाचा एक अष्टमांश भाग पद्धतशीर सरकत पाहतो. तिन्ही हिस्से मिळून एकशे साठावा भाग होतो. समजा त्यात १९० गुच्छ मोजले गेले, तर १९० गुणिले १६० म्हणजे ३०,४०० हा पूर्ण मूत्रपिंडाचा अंदाज. उंदराच्या एका मूत्रपिंडात साधारण ३० हजार गुच्छ असतात हे ठाऊक असल्याने आकडा ठीक दिशेने चालला आहे की नाही हे लगेच कळते.

आमचा पहिला गट वाया गेला तो याच टप्प्यावर, आणि त्यात फिजीचा काहीच दोष नव्हता. मायक्रोटोम दुरुस्तीला गेल्याने ब्लॉक कापण्याचे काम आम्ही बाहेरच्या एका खासगी प्रयोगशाळेकडे दिले होते. निदानासाठी स्लाइड करणाऱ्या कोणाही तंत्रज्ञाची सवय अशी असते की ब्लॉकचा पृष्ठभाग पूर्ण दिसेपर्यंतचे अर्धवट छेद टाकून द्यायचे आणि सुरकुतलेला छेद सोडून पुढचा चांगला घ्यायचा. निदानासाठी ते योग्यच आहे. आमच्या कामासाठी मात्र प्रत्येक चकतीची कड, जेथे बाह्यक असते आणि म्हणून गुच्छ असतात, तीच नेमकी कचऱ्यात गेली. स्लाइड अतिशय सुंदर आल्या होत्या. आकडे मात्र ठाऊक असलेल्या संख्येच्या बरेच खाली आले, आणि कारण शोधायला तीन आठवडे गेले. आधी मला वाटले की विद्यार्थिनी मोजण्यात चुकते आहे. मी तिच्याकडून दोनदा सगळे परत मोजून घेतले, याचे मला आजही वाईट वाटते.

त्यानंतर कापण्याचे काम आमच्याच विभागातील ज्येष्ठ तंत्रज्ञांनी हाती घेतले. त्यांना सगळे मामा म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, “मॅडम, तुकडा अर्धा आला तरी तो नंबरात धरायचा का?” धरायचा, असे मी म्हटल्यावर त्यांनी वहीत रकाने आखले, आणि तेव्हापासून प्रत्येक ब्लॉकचा प्रत्येक छेद, आलेला, फाटलेला, अर्धा, सगळा त्या वहीत आहे. एप्रिल-मे महिन्यांत कोल्हापूरच्या उकाड्यात पॅराफिन मऊ पडते आणि छेद दाबले जातात. मामा दर वीस-पंचवीस छेदांनंतर ब्लॉक बर्फावर धरतात आणि तेवढ्या वेळात वहीतला आकडा मायक्रोटोमच्या फिरवणीच्या मोजकाशी पडताळून घेतात. फिजीच्या परीक्षणात या वहीचा उल्लेख अप्रस्तुत वाटेल. पण आमच्या आकड्यावर कोणी शंका घेतली तर मी आधी ही वही पुढे करीन आणि मग फिजीची फाइल.

मोजणीच्या टेबलावर फिजीने आम्हाला सर्वाधिक मदत केली ती ‘सिंक्रोनाइझ विंडोज’ या साधनाने. जोडीतील दोन छेदांची चित्रे शेजारी उघडली की एका चित्रावर फिरणारा दर्शक दुसऱ्यावरही त्याच जागी फिरतो. डिसेक्टरला हेच हवे असते, कारण या छेदातला हा गुच्छ त्या छेदात आहे का, हाच प्रश्न शेकडो वेळा विचारायचा असतो. त्यासाठी दोन्ही चित्रे आधी एकमेकांवर नीट बसवावी लागतात. रक्तवाहिन्यांचे फाटे खूण म्हणून धरून हे करता येते आणि फिजीत त्यासाठी एकाहून अधिक साधने आहेत. छेद पाण्यावर पसरताना थोडा ताणला जातो, त्यामुळे तंतोतंत जुळणी कधीच होत नाही, परंतु गुच्छ इतका मोठा असतो की थोडा फरक चालतो. मोजलेल्या गुच्छावर खूण ठेवण्यासाठी ‘सेल काउंटर’ चांगला आहे. आम्ही पहिल्या प्रकारची खूण ‘या छेदात आहे, त्यात नाही’ यासाठी आणि दुसऱ्या प्रकारची उलट दिशेच्या मोजणीसाठी वापरतो. दोन्ही दिशांनी मोजून सरासरी घेतली की त्याच स्लाइडमधून जवळजवळ दुप्पट माहिती मिळते.

मोजणीची निःपक्षपाती चौकट मात्र आपल्याला आखून घ्यावी लागते. ही चौकट गुंडरसन यांनी १९७७ मध्ये दिली. तिच्या दोन बाजू निषिद्ध असतात आणि दोन बाजू स्वीकार्य. निषिद्ध बाजूला किंवा तिच्या वाढवलेल्या रेषेला स्पर्श करणारा घटक मोजायचा नाही, स्वीकार्य बाजूला स्पर्श करणारा मोजायचा. अशा चौकटी शेजारी-शेजारी लावल्या तर प्रत्येक घटक एकाच चौकटीत मोजला जातो, दोनदा नाही आणि शून्यदाही नाही. आमच्या एका विद्यार्थ्याने दहा-बारा ओळींचा मॅक्रो, म्हणजे फिजीला द्यायच्या आज्ञांची छोटी यादी, लिहून लाल आणि हिरव्या रेषांची चौकट चित्रावर आणली, आणि तो आता विभागातील सगळे वापरतात. ज्यांना मॅक्रो लिहिण्याची सवय नाही त्यांना हा अडथळा वाटेल, हे मान्य करायला हवे.

फिजीत यंत्रशिक्षणाच्या आधारे चित्राचे भाग आपोआप वेगळे करणारी साधनेही आहेत, आणि हल्ली प्रत्येक विद्यार्थ्याला हाताने मोजण्याऐवजी तीच वापरायची असतात. माझा सल्ला येथे स्पष्ट आहे. ती साधने छेदावरील गुच्छांच्या आकृत्या शोधतात आणि आकृतीची संख्या म्हणजे गुच्छांची संख्या नव्हे, हे वर सांगितलेच आहे. जोडीतील दोन्ही चित्रांवर ती चालवून तुलना केली तर उपयोग आहे. एकाच चित्रावर चालवून हजारो आकृत्या मोजल्या तर जुनीच चूक केवळ वेगाने होते.

किती मोजावे, याविषयी विद्यार्थ्यांशी माझा सर्वांत जास्त वाद होतो. एका प्राण्यात १०० ते २०० घटक मोजले की सहसा पुरते. समजा प्राण्या-प्राण्यांमधला नैसर्गिक फरक २० टक्के आहे आणि आपल्या मोजणीतली चूक १० टक्के. वर्गांची बेरीज करून मूळ काढले तर दिसणारा एकूण फरक २२.४ टक्के येतो. आता चौपट घटक मोजून आपली चूक निम्मी, म्हणजे ५ टक्के केली, तर एकूण फरक २०.६ टक्क्यांवर येतो. चौपट श्रमांचे फळ दोन टक्क्यांहूनही कमी. तेच श्रम पाच प्राण्यांऐवजी दहा प्राण्यांवर वाटले, तर गटाच्या सरासरीतली अनिश्चितता १० टक्क्यांवरून ७.१ टक्क्यांवर उतरते. गुंडरसन आणि ऑस्टरबी यांनी १९८१ मध्येच हे समजावून सांगितले आहे. अर्थात प्राण्यांची संख्या वाढवायची तर संस्थेच्या प्राणी-नीती समितीपुढे तिचे समर्थन करावे लागते आणि ते करायलाच हवे. ही आकडेमोड तेथेही उपयोगी पडते, कारण कमी प्राण्यांत काहीच सिद्ध न होणारा प्रयोग करणे हा प्राण्यांचा अधिक मोठा अपव्यय आहे.

फिजी जेथे पुरत नाही त्या जागा आता सांगते. मेंदूतील चेतापेशींसारखे लहान घटक पातळ छेदांच्या जोड्यांत ओळखणे फार कठीण जाते. त्यासाठी जाड छेद घेऊन त्याच्या आतच भिंगाचा केंद्रबिंदू खाली सरकवत मोजतात. या ऑप्टिकल फ्रॅक्शनेटरने वेस्ट, स्लोमिआंका आणि गुंडरसन यांनी १९९१ मध्ये उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागातील चेतापेशी मोजल्या. या पद्धतीला खोली मायक्रोमीटरच्या अंशापर्यंत मोजणारे उपकरण आणि स्लाइड ठरलेल्या पावलांनी सरकवणारी मोटार लागते. फिजी हे चित्रावर काम करते. सूक्ष्मदर्शकाची स्लाइड हलवणे आणि खोली मोजणे हे यंत्रांचे काम त्याच्यासोबत आपोआप येत नाही. त्यासाठीचा व्यावसायिक यंत्रसंच मी दुसऱ्या शहरातील एका संस्थेत दोन दिवस हाताळून पाहिला. पुढचे क्षेत्र यंत्र स्वतः निवडते, त्यामुळे ‘येथे काही नाही, पुढे जाऊ’ असा मोह निरीक्षकाला होत नाही. मला त्यातली ही गोष्ट सर्वांत आवडली. आमच्याकडे हे काम स्लाइड-मंचावरच्या मोजपट्टीचे आकडे वाचून हाताने होते, आणि एका कंटाळलेल्या दुपारी रिकामे क्षेत्र गाळले गेल्याचे मी स्वतः पकडले आहे.

पृष्ठफळ मोजायचे असेल तर आणखी एक अट आहे. संख्या आणि घनफळ यांना छेदाची दिशा कोणतीही चालते, पृष्ठफळाला आणि लांबीला ती चालत नाही, कारण पडदा ज्या दिशेने पसरला आहे त्यानुसार रेषा त्याला कमी-अधिक वेळा छेदते. दिशा यादृच्छिक करावी लागते किंवा १९८६ मध्ये बॅडली, गुंडरसन आणि क्रूझ-ऑरिव्ह यांनी दिलेली उभ्या छेदांची आणि सायक्लॉइड वक्रांची (फिरत्या चाकाच्या कडेवरचा बिंदू काढतो तशा कमानींची) पद्धत घ्यावी लागते. सायक्लॉइडची जाळी फिजीत चित्र म्हणून वर ठेवता येते, पण अवयव कोणत्या दिशेने कापायचा हे पुन्हा सुरीपाशीच ठरते.

एवढी उठाठेव कशासाठी, असे आमच्या महाविद्यालयातील एका वैद्यकशास्त्राच्या प्राध्यापकांनी मला विचारले होते. मी त्यांच्यापुढे दोन अभ्यासांचे आकडे ठेवले. न्येनगार्ड आणि बेंडत्सेन यांनी १९९२ मध्ये ३७ माणसांच्या निरोगी मूत्रपिंडांत गुच्छ मोजले आणि एका मूत्रपिंडात सरासरी ६,१७,००० गुच्छ आढळले. २००३ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी अपघातात दगावलेल्या माणसांची मूत्रपिंडे तपासली. उच्च रक्तदाब असलेल्या दहाजणांत मध्यक ७,०२,३७९ होता आणि त्यांच्याशी वय-वजनाने जुळणाऱ्या, रक्तदाब नसलेल्या दहाजणांत तो १४,२९,२०० होता. जन्मतः गुच्छ कमी असण्याचा पुढच्या रक्तदाबाशी संबंध असावा, ही कल्पना ब्रेनर यांनी १९८८ मध्ये मांडली होती. केवळ छेदावरचे ठिपके मोजून ती कधीच तपासता आली नसती. रक्तदाबात हे गुच्छ अनेकदा मोठे होतात, आणि मोठा गुच्छ छेदात जास्त वेळा दिसतो. म्हणजे जेथे संख्या निम्मी होती तेथेच जुन्या पद्धतीने ती फुगलेली दिसली असती.

याच कारणासाठी ‘प्रति चौरस मिलिमीटर इतके गुच्छ’ अशी तालिका असलेला प्रबंध माझ्यासमोर आला की मी आधी अवयवाचे घनफळ विचारते. मूत्रपिंड सुजले तर घनता घटते आणि संख्या तशीच राहते, आकसले तर उलटे होते. आमच्या भागातील प्रबंधांत ही तालिका अजून सर्रास दिसते, आणि तिच्यामागे प्रामाणिक, महिनोन्‌महिन्यांचे कष्ट असतात, म्हणून ते पाहताना अधिक हळहळ वाटते.

खर्चाचा आणि वेळेचा हिशेब आमच्यापुरता असा आहे. फिजीचा खर्च शून्य, खाचांचा साचा आणि ओएचपी शीट यांचा खर्च दखल घेण्याजोगा नाही. एका मूत्रपिंडाचा ब्लॉक पूर्ण कापायला मामांना साधारण दोन दिवस लागतात, रंगवणे आणि छायाचित्रे यांत आणखी एक दिवस जातो, आणि फिजीवरची मोजणी सरावलेल्या विद्यार्थिनीची एका दुपारी आटोपते. म्हणून निधीचा अर्ज करताना सॉफ्टवेअरच्या रकान्यात काही लिहू नका. चांगल्या मायक्रोटोमची पाती, तंत्रज्ञाचे मानधन आणि स्लाइड-मंचाची मोजपट्टी यांसाठी पैसे मागा. चेतापेशींवर काम करायचे असेल तर यंत्रसंच विकत घेण्याचा विचार एका विभागाने एकट्याने करू नये, दोन-तीन संस्थांनी मिळून एक घ्यावा आणि वेळ वाटून वापरावा. आम्ही पुढच्या वर्षी हिप्पोकॅम्पसचे जाड छेद सुरू करणार आहोत, आणि त्यासाठी असा सामाईक यंत्रसंच शोधत आहोत. तोवर ज्यांना चौकटीचा मॅक्रो आणि मामांच्या वहीतील रकान्यांचा नमुना हवा असेल, त्यांनी विभागात येऊन तो खुशाल उतरवून घ्यावा.